नापास प्रयोग कोण वाचतो?

‘शाळासिद्धी’ म्हटलं की जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला ७ क्षेत्रं आणि ४६ मानकं आठवतात. शाळेने स्वतःचं मूल्यमापन करायचं, प्रत्येक मानकापुढे स्तर टाकायचा, सुधारणेचा आराखडा लिहायचा आणि सगळं पोर्टलवर चढवायचं. २०१५ च्या अखेरीस हे देशभर सुरू झालं. याच धर्तीची योजना त्याआधी मध्य प्रदेशात आली होती आणि तिथे तिची रीतसर परीक्षाही झाली होती, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक आहे. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या १,७७४ शाळांमध्ये योजना राबवली, बाकीच्या तशाच ठेवल्या आणि नंतर दोन्हींकडे काय फरक पडला ते तपासलं. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग या अर्थतज्ज्ञांनी हे काम केलं. मूल्यमापन जवळजवळ सगळ्या शाळांनी पूर्ण केलं होतं. दिलेले स्तरही खोटे नव्हते, शाळा खरोखर कशी आहे ते त्यातून कळत होतं. पण शाळेच्या कारभारात फरक शून्य आणि मुलांच्या शिकण्यातही शून्य.

तरीही योजना यशस्वी ठरली, कारण अर्ज भरून झाले होते. ती देशभरातल्या सहा लाखांहून जास्त शाळांत गेली. मोठ्या प्रमाणावर गेल्यानंतर मध्य प्रदेशात पुन्हा तपासणी झाली, उत्तर तेच आलं. खालच्या अधिकाऱ्यांशी बोलल्यावर कळलं की योजनेचा ठळक परिणाम एकच होता: कागद वाढले.

गरिबी आणि शिक्षण या विषयावर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत भारतात, केनियात, मेक्सिकोत असंच चिठ्ठ्या टाकून प्रचंड संशोधन झालंय. २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल अभिजीत बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकल क्रेमर यांना या पद्धतीच्या कामाबद्दल मिळालं. आपल्याकडे त्याची चर्चा झाली ती ‘काय चालतं’ या अंगाने. कोणती पद्धत, कोणतं साहित्य, किती टक्के सुधारणा. या संशोधनाचा मोलाचा भाग मात्र दुसरीकडे आहे, जे प्रयोग नापास झाले त्यांच्यात. तोच भाग महाराष्ट्राच्या उपयोगाचा आहे आणि मंत्रालयात तोच कुणी वाचत नाही, असं माझं मत आहे.

सुरुवात यशस्वी प्रयोगापासून करू, कारण तो आपल्या घरचा आहे. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाची तपासणी झाली. बालसखी म्हणजे त्याच वस्तीतली तरुण मुलगी, बहुधा दहावी झालेली. सुरुवातीला दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन. पालिकेच्या शाळेत तिसरी-चौथीच्या वर्गातली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं ती रोज दोन तास बाजूला घेऊन बसायची आणि अक्षरं, शब्द, बेरीज-वजाबाकी शिकवायची, म्हणजे पहिली-दुसरीत यायला हवं होतं ते. मुलं पुढे सरकली, दुसऱ्या वर्षी जास्तच. यात एक गंमत होती. ही मुलं बाहेर गेल्यामुळे उरलेल्या मुलांचा वर्ग लहान झाला होता, पण त्या मुलांना काहीही फायदा झाला नाही. म्हणजे वर्गात साठ मुलं आहेत की चाळीस, याने फार बिघडत नव्हतं. शिक्षक कुणाला शिकवतोय, याने बिघडत होतं. तिसरीचा शिक्षक तिसरीचं पुस्तक शिकवतो, पुढच्या बाकांवरची चार मुलं मान डोलावतात, धडा संपतो. बाकीच्यांनी पहिलीतच हात टेकलेले असतात.

वडोदऱ्यावरून आठवलं. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ मध्ये. सगळ्या देशाला तसा कायदा मिळायला २००९ उजाडलं. या शंभर वर्षांत आपण मुलाला शाळेत आणण्याची लढाई बऱ्यापैकी जिंकली. आत आल्यावर काय होतं, ते मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहण्या २००५ पासून सांगतायत. २०२४ ची पाहणी म्हणते, ग्रामीण भारतात तिसरीतली २७.१ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकतात, पाचवीतली ४८.८ टक्के. पाचवीतली निम्मी पोरं-पोरी दुसरीचं वाचू शकत नाहीत आणि हे करोनानंतर सावरल्यावरचे आकडे आहेत.

बालसखीनंतर प्रश्न साहजिकच असा आला की ही गोष्ट सरकारने आपल्या शाळांत केली तर? इथून पुढची कहाणी मला जास्त शिकवणारी वाटते.

आधी उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात वेगळाच उपाय करून पाहिला. त्या काळात सगळीकडे लोकसहभागाचा बोलबाला होता. गावोगावी बैठका घेतल्या, ग्राम शिक्षण समितीला तिचे अधिकार सांगितले, काही गावांत पालकांनाच मुलांची वाचनचाचणी घ्यायला शिकवलं. समितीच्या कित्येक सदस्यांना आपण सदस्य आहोत हेच माहीत नव्हतं. (आपल्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीचं इतिवृत्त कोण लिहितं आणि सह्या कुठे घेतल्या जातात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना आश्चर्य वाटणार नाही.) बैठका झाल्या, चर्चा झाल्या, शाळेत काहीच हललं नाही. ज्या गावांत स्थानिक तरुणांना वाचनवर्ग घ्यायचं शिकवलं होतं तिथे मात्र वर्गाला बसलेली मुलं वाचू लागली. अडचण एवढीच की बसली थोडी.

मग बिहार. २००८ च्या उन्हाळ्यात सरकारी शिक्षकांनीच सुट्टीत शिबिरं घेतली. मुलांचे पातळीनुसार गट केले, पुस्तक बाजूला ठेवलं, आणि महिन्याभरात मुलं पुढे गेली. सरकारी शिक्षकाला शिकवता येत नाही, हा आपल्या मध्यमवर्गाचा लाडका समज तिथेच खोटा ठरला. शाळा सुरू झाल्यावर तेच साहित्य शाळांना दिलं. काही शाळांत साहित्याबरोबर प्रशिक्षणही दिलं. परिणाम काहीच नाही. जिथे गावातले स्वयंसेवक शाळेबाहेर वर्ग घेत होते तिथे फरक पडला. उत्तराखंडात तर स्वयंसेवक दिले होते तरी पडला नाही, कारण ते शाळेतच सामावले गेले आणि शिक्षकाचे मदतनीस होऊन नेहमीचं पुस्तक शिकवू लागले.

राज्य तेच, सरकारी शिक्षक तेच, पद्धत तीच. जूनच्या शिबिरात चालली, जुलैच्या वर्गात नाही. फरक कशात होता? शिबिरात शिक्षकाला एकच काम होतं. शाळेत त्याला पुस्तक संपवायचं असतं, वरून कुणी आलं तर ‘अभ्यासक्रम कुठपर्यंत आला’ हेच विचारणार असतं. मुलाला वाचता येतं का, हे विचारणारं कुणी नसतं. नवी पद्धत शिक्षकाला पटत नव्हती असं नाही. ती वापरण्याची परवानगी आपल्याला आहे, असं त्याला वाटत नव्हतं. परवानगी शब्द थोडा जोरकस आहे, पण मला दुसरा सापडत नाही.

२०१२-१३ मध्ये हरियाणात हेच उलटं करून पाहिलं. शाळेच्या दिवसातला एक तास हिंदीसाठी वेगळा काढला. त्या तासाला इयत्ता मोडायच्या, मुलं पातळीनुसार बसवायची आणि तेव्हा पुस्तकाला हात लावायचा नाही. आपल्याकडच्या केंद्रप्रमुखासारखी, म्हणजे काही शाळांवर देखरेख करणारी, जी माणसं तिथे होती, त्यांना आधी स्वतः काही आठवडे मुलांसमोर उभं राहून शिकवायला लावलं. जे शिक्षकांना सांगायचं ते आधी स्वतःच्या हाताने करायचं. मग त्यांनी शिक्षकांना प्रशिक्षण दिलं आणि शाळांना भेटी देऊन त्या तासाला काय चाललंय ते पाहिलं. इथे सरकारी शिक्षकांच्या हातून, शाळेच्या वेळेतच, मुलं वाचनात पुढे गेली.

याच अभ्यासाचा दुसरा भाग आपल्याला अधिक झोंबणारा आहे. पाचशे शाळांच्या या अभ्यासात काही शाळांना सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन दिलं होतं. शिक्षण हक्क कायद्याने देशभर आणलेली हीच पद्धत, आपल्याकडे आकारिक (वर्षभर चालणारं) आणि संकलित (सत्राअखेरचं) म्हणून शिक्षकांच्या तोंडी बसलेली. हरियाणात तिचा मुलांच्या शिकण्यावर परिणाम दिसला नाही. महाराष्ट्रात तिचं काय झालं हे सांगायला संशोधक नको. प्रत्येक मुलाचं निरीक्षण करून त्याच्याबद्दल दोन ओळी लिहायच्या, ही सुंदर कल्पना होती. आज ‘वर्णनात्मक नोंदी’ या नावाच्या तयार याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर इयत्तावार आणि विषयवार फिरतात. शिक्षक त्यातून उचलून नोंदवहीत उतरवतात आणि दोन जिल्ह्यांतली दोन अनोळखी मुलं शब्दशः सारखीच ‘परिसरातील घटकांविषयी कुतूहल व्यक्त करतात’. यात शिक्षकाला हसण्यासारखं काही नाही. नोंद वाचणारं कुणी नाही, फक्त नोंद आहे का एवढंच बघणारं आहे, हे तो ओळखून असतो.

केनियातला पुरावा यापेक्षाही उघडा आहे. पश्चिम केनियात कंत्राटी शिक्षकांचा प्रयोग एका संस्थेने केला, तो चांगला चालला. तेव्हा सरकारने देशभर हजारो कंत्राटी शिक्षक नेमायचं ठरवलं. त्याच वेळी संशोधकांनी १९२ शाळांत एक चाचणी लावली. काही शाळांत शिक्षक नेमण्याचं काम संस्थेकडे, काही शाळांत सरकारी खात्याकडे. दोन्हीकडे करार तोच आणि काम तेच. संस्थेच्या शाळांत मुलांचे गुण वाढले, सरकारी यंत्रणेच्या शाळांत अजिबात नाही. पगार उशिरा होणं, देखरेख ढिली असणं, आपल्याला कायम करतील या आशेने संघटनेकडे वळणं, अशी कारणं पुढे आली. योजनेत काही खोट नव्हती. ज्या हातांतून ती गेली त्यांच्यात होती.

यातून ‘मग शाळा संस्थांकडे, कंपन्यांकडे द्या’ असा निष्कर्ष काढणारे लगेच भेटतील. तो चुकीचा आहे. गरिबांची बहुसंख्य मुलं ज्या शाळांत आहेत त्या सरकारच चालवतं आणि चालवत राहणार. म्हणूनच सरकारचे ते हात नीट करणं हा शिक्षणाचा मुख्य प्रश्न आहे, कार्यक्रमांची नावं बदलत राहणं नव्हे.

हे सांगायला नोबेलविजेते लागत नाहीत. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यातली मागणी सगळ्यांना पाठ आहे. त्याच निवेदनात त्यांनी शाळा तपासणीवर जे लिहिलं ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन जातो त्याचा काही उपयोग नाही, तपासणी निदान तीन महिन्यांनी तरी झाली पाहिजे, आणि आणखी एक: आधी कळवल्याशिवायही शाळेला भेट दिली पाहिजे. शिक्षक कोण असावेत, तेही त्यांनी सांगितलं होतं. नांगराचा मुठ्या किंवा सुताराचा वाकस हातात धरायला ज्याला लाज वाटणार नाही असा माणूस हवा. हरियाणात ‘आधी स्वतः शिकवा, मग सांगा’ असं अधिकाऱ्यांना लावलं, त्याचं मूळ इथे आहे असं म्हणणं ओढूनताणून होईल. पण गरिबाच्या शाळेत देखरेख करणारा माणूस वरचढ नसून हात घाण करणारा असावा, हे एकशेतीस वर्षांच्या अंतराने दोन वेगळ्या वाटांनी पुढे आलंय.

आता आपल्याकडे पाहू. राज्यात साडेचार हजारांहून जास्त केंद्रं आहेत. एका केंद्रप्रमुखाकडे साधारण दहा-पंधरा शाळा असाव्यात, त्याने महिन्याला त्या पाहाव्यात, अडलेल्या शिक्षकाबरोबर वर्गात उभं राहावं, शिक्षण परिषद घ्यावी, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात ही पदं वर्षानुवर्षं मोठ्या संख्येने रिकामी राहिली. कधी पदोन्नती की परीक्षा यावर वाद, कधी न्यायालय, कधी नुसतीच फाइल. मग एखाद्या ज्येष्ठ शिक्षकाला ‘प्रभारी’ करायचं. त्याच्याकडे स्वतःचा वर्ग, दोन केंद्रांचा कारभार आणि खिशात फोन. फोनवर दिवसभर ‘तात्काळ’ येत राहतं. आधार अपडेट झालेल्यांची संख्या, पोषण आहाराची माहिती, गणवेशाची माहिती, वृक्षलागवडीचे फोटो, आणि ज्याच्याकडे काही नसेल त्याने ‘निरंक’ कळवायचं. केंद्रप्रमुख हा टपाली माणूस झालाय. वरून आलेलं खाली आणि खालून आलेलं वर, त्याचं काम एवढंच. शिक्षकांची ‘आम्हाला शिकवू द्या’ ही मागणी आपण पगारवाढीच्या मागणीसारखी ऐकतो आणि सोडून देतो. वास्तविक बिहारच्या प्रयोगाचा तोच निष्कर्ष आहे.

या माहितीचा उपयोग तरी होतो का? मध्य प्रदेशात अभिजीत सिंग यांनी सरकारी चाचणीतले तेच प्रश्न मुलांना स्वतंत्रपणे पुन्हा विचारले. सरकारी निकालात जेवढी मुलं उत्तीर्ण दिसत होती, तेवढी प्रत्यक्षात नव्हती, फरक फार मोठा होता. आंध्र प्रदेशात चाचणी टॅबवर घेतल्यावर ही फुगवाफुगवी पुष्कळ कमी झाली. आपल्याकडे पायाभूत चाचण्या होतात, गुण पोर्टलवर जातात. ज्या शिक्षकाला कमी गुणांबद्दल जाब विचारला जाणार आहे, तोच पेपर घेणार, तोच तपासणार आणि तोच भरणार असेल, तर त्या आकड्यांवर धोरण उभं करणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. शंभरातल्या दोन-तीन शाळा चिठ्ठी टाकून निवडाव्यात आणि बाहेरच्या माणसांकडून पुन्हा चाचणी घ्यावी. फार खर्चाचं काम नाही. पण मग खरा आकडा कळेल, ही त्यातली अडचण आहे.

आता माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप. मूल शिकत नाही ते शाळेमुळे की गरिबीमुळे? बाप मजुरीला, आई मजुरीला, घरात वीज नाही, पोटात धड अन्न नाही, आणि तुम्ही केंद्रप्रमुखाच्या भेटी मोजताय?

यावरही पुरावा आहे. मेक्सिकोने १९९७ मध्ये ‘प्रोग्रेसा’ सुरू केलं. मुलाची शाळेतली हजेरी टिकली तर आईच्या हातात रोख पैसे. ५०६ गावांपैकी ३२० गावांना आधी, बाकीच्यांना नंतर, म्हणजे तुलना करता आली. मुलं शाळेत जास्त वर्षं टिकली, विशेषतः माध्यमिकला मुली. सरकार बदललं तरी योजना टिकली, नावं बदलत २०१९ पर्यंत चालली. पण चाचणीत मुलांना जास्त येऊ लागलं, असं मात्र दिसलं नाही. बिहारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली दिल्या. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या जवळजवळ एक तृतीयांशाने वाढली आणि जिथे शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब होती तिथे सर्वांत जास्त. पैसा आणि सायकल मुलाला दारापर्यंत नेतात. हे थोडं नाही, मुलीच्या आयुष्यात तर फारच आहे. पण दाराच्या आत जे व्हायचं ते त्यांनी होत नाही. म्हणून गरिबी हटेपर्यंत शाळा सुधारणार नाही आणि शाळा सुधारली की गरिबी हटेल, ही दोन्ही वाक्यं भाषणापुरती ठीक आहेत.

तरी या आक्षेपात एक जागा अशी आहे जिथे मी हरतो. हे सगळे प्रयोग शाळेत असलेल्या मुलाला मोजतात. बीडचं, धारूरचं, पाथर्डीचं ऊसतोड कुटुंब दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतं ते मार्च-एप्रिलमध्ये परततं. वर्ष जूनमध्ये सुरू होतं, मूल चार-पाच महिने शाळेत असतं आणि मग थेट कोपीवर, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या झोपडीवर, लहान भावंड सांभाळायला. चांगले संशोधक चाचणीच्या दिवशी गैरहजर मुलाला घरी जाऊन शोधतात. घरालाच कुलूप असेल तर ते मूल आकड्यातून गळतं आणि सरासरी सुधारते. हंगामी वसतिगृहांची कल्पना चांगली आहे, मूल आजी-आजोबांकडे गावात राहतं आणि तिथे त्याच्या जेवणाची सोय होते. पण मंजुरी आणि अनुदान बैलगाड्या गेल्यावर येतं तेव्हा तिचा काय उपयोग? इथे कुठलीही शिकवण्याची पद्धत कामाची नाही. इथे मुकादमाची उचल, साखर कारखान्याची जबाबदारी, गावातल्या रोजगाराचे दिवस हे प्रश्न आहेत आणि अर्थतज्ज्ञांच्या छोट्या, मोजता येण्याजोग्या प्रयोगांनी त्यांना हात घातलेला नाही. जे चिठ्ठी टाकून तपासता येत नाही ते त्यांच्या प्रश्नपत्रिकेतच येत नाही. जमीन आणि जात तिथे अशाच बाहेर राहतात.

दुसरा धोका संशोधनाच्या गैरवापराचा आहे. साडेसातशे रुपयांच्या बालसखीने काम केलं, कंत्राटी शिक्षकानेही केलं, मग कायम शिक्षक हवेत कशाला, असा सोयीचा अर्थ वित्त विभागाला आवडतो. आपल्याकडे शिक्षणसेवक, म्हणजे सुरुवातीला ठरावीक मानधनावर नेमलेले शिक्षक, २००० पासून आहेत. प्राथमिकला महिना तीन हजारांवर सुरुवात झाली, पुढे सहा हजारांवर वर्षानुवर्षं थांबली आणि २०२३ मध्ये कुठे ती सोळा हजारांवर गेली. त्याच वर्षी रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना वीस हजारांत नेमायचं ठरलं. यातला कुठलाही निर्णय मुलं शिकावीत म्हणून झालेला नाही, पैसे वाचावेत म्हणून झालेला आहे. केनियाने दाखवलंय की स्वस्त शिक्षक स्वस्त असल्यामुळे शिकवत नसतो, त्याच्याकडे कुणी लक्ष देत असेल तर शिकवतो. तेवढं लक्ष कायम शिक्षकाकडे दिलं की तोही शिकवतो, हे हरियाणाने दाखवलं.

‘गरिबांच्या मुलांवर प्रयोग कसले करता’ असाही सूर असतो. मला तो फारसा पटत नाही, कारण प्रयोग तर रोज चालूच आहेत. पाठ्यपुस्तकात वह्यांची कोरी पानं घाला म्हणजे दप्तराचं ओझं कमी होईल, असं ठरलं. २०२३ मध्ये ती पानं राज्यभर गेली, २०२५ मध्ये मागे आली. सगळ्या राज्याला एकच गणवेश, तोही आला आणि पहिल्याच वर्षात वेळेवर न मिळाल्याची ओरड होऊन परत शाळा समित्यांकडे गेला. हे प्रयोग नव्हते तर काय होतं? दोन तालुक्यांत आधी करून पाहिलं असतं तर एवढ्या मोठ्या फेऱ्याची गरज पडली नसती. चिठ्ठी टाकून केलेला प्रयोग निदान चूक लहान ठेवतो आणि ती लपवू देत नाही.

सध्या ऐरणीवर आहेत कमी पटाच्या शाळा. वीसपेक्षा कमी मुलं असलेल्या सुमारे पंधरा हजार शाळा २०२३ मध्ये राज्यात होत्या. तेव्हापासून ‘समूह शाळे’चा विचार चालू आहे, तोरणमाळ आणि पानशेतची उदाहरणं पुढे केली जातात. एकत्र मोठी शाळा असेल तर इयत्तेला एक शिक्षक मिळेल, ग्रंथालय आणि मैदान मिळेल, गाडीची सोय करू, असा युक्तिवाद आहे आणि तो टाकाऊ नाही. दोन शिक्षकांनी चार-पाच इयत्ता सांभाळणं किती अवघड आहे, हे कुणाही शिक्षकाला विचारा. पण हाती असलेला पुरावा उलट दिशेनेही बोलतो. सायकलीच्या अभ्यासाने अंतर ही मुलींसाठी केवढी भिंत आहे ते दाखवलं. बालसखीने दाखवलं की गट लहान आणि पातळीचा असेल तर दहावी झालेली मुलगीही मुलाला वाचायला शिकवते. म्हणजे बारा मुलांची शाळा ही आपत्ती असेलच असं नाही. इयत्ता मोडून पातळीनुसार शिकवायला ती कदाचित सर्वांत सोयीची जागा आहे, जर त्या शिक्षकाला केंद्रातून कुणी भेटायला येत असेल तर.

कोणतं खरं, हे मंत्रालयात बसून ठरणार नाही. डोंगरी, सपाट आणि आदिवासी असे काही तालुके निवडून चिठ्ठ्या टाकाव्यात. काही केंद्रांत समूह शाळा आणि गाडी. काही केंद्रांत शाळा तशीच, पण रिकामं केंद्रप्रमुखपद भरलेलं, त्याच्याकडचं टपाल एखाद्या कारकुनाकडे दिलेलं आणि त्याने आठवड्यातले चार दिवस वर्गात काढायचे. काही केंद्रांत काहीच बदल नाही. दोन वर्षांनी बाहेरच्या माणसांनी चाचणी घ्यावी, किती मुलींची शाळा सुटली ते मोजावं आणि निकाल जो येईल तो, नापास असला तरी, मराठीत छापून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. तोवर एकाही शाळेला कुलूप लावू नये.